रोज एक मिलिमीटर

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देत आहेत मिरजेचे निवृत्त अस्थिरोगतज्ज्ञ.)

या महिन्यात गुडघेदुखी, टाचदुखी आणि 'कॅल्शियमची गोळी दुधाबरोबर घ्यावी का' ही पत्रं बाजूला ठेवली आहेत. त्या वाचकांनी रागावू नये, पुढच्या अंकात सगळ्यांना उत्तरं मिळतील. झालं असं की, संपादकांनी दिवाळी अंकासाठी भयकथा मागवल्या. इचलकरंजीच्या एका तरुणाने आपल्या कथेचा आराखडा संपादकांऐवजी मला तपासायला पाठवला. त्याच्या परवानगीने तो मागच्या अंकात छापला, आणि तेव्हापासून टपालात हाच विषय आहे. त्यातली निवडक पत्रं घेतो.

माझ्या दीर्घकथेत परळच्या एका बंद गिरणीच्या तळघरात 'अस्थिमंडळ' नावाची गुप्त संघटना आहे. सभासद स्वतःची हाडं कापून घेतात आणि यंत्रावर शरीर ताणून घेतात. दीक्षेच्या रात्री नायक भूल न घेता यंत्रावर झोपतो आणि पहाटे एक फूट उंच होऊन उठतो. हे वैद्यकीयदृष्ट्या पटेल का? गुरूचं पात्र कसं असावं?
— नवलेखक, इचलकरंजी

पहाटे तो उठणार नाही. एक फूट म्हणजे ३०५ मिलिमीटर. एवढं एका रात्रीत ताणलंत तर पायाच्या नसा आणि रक्तवाहिन्या तुटतील आणि तुमची दीर्घकथा लघुकथा होईल.

पण यंत्र मात्र तुम्ही नकळत खरं लिहिलं आहे. पश्चिम सैबेरियात कुर्गान नावाचं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या भागात गाव्रील इलिझारोव्ह हा तरुण डॉक्टर काम करत होता. समोर युद्धातून परतलेली माणसं, न जुळलेली हाडं, वाहणाऱ्या जखमा, आणि औषधांची टंचाई. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने एक चौकट बनवली. पायाभोवती पोलादी रिंगा, रिंगांना बांधून हाडातून आरपार गेलेल्या बारीक तारा आणि रिंगांना एकमेकींशी जोडणारे आट्यांचे रॉड. हेतू होता तुटलेली टोकं एकमेकांवर दाबून जुळवायचा. एका रुग्णाने नट उलटे फिरवले, टोकं जवळ येण्याऐवजी लांब गेली आणि मधल्या फटीत चक्क नवं हाड दिसू लागलं, अशी दंतकथा आम्ही ऐकत आलो आहोत.

मॉस्कोतल्या बड्या डॉक्टरांनी त्याला बरीच वर्षं खेडवळ सुतार समजून बाजूला ठेवलं. मग १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमधला उंच उडीचा सुवर्णपदकविजेता व्हॅलेरी ब्रुमेल मोटरसायकलच्या अपघातात पाय चिरडून बसला. अनेक शस्त्रक्रिया फसल्यावर तो कुर्गानला गेला आणि बरा होऊन पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारली. १९८० मध्ये कार्लो माउरी हा इटालियन गिर्यारोहक तिथून पाय नीट करून घरी परतला. त्याच्या डॉक्टरांनी थक्क होऊन १९८१ मध्ये इलिझारोव्हला इटलीत बोलावलं, आणि पश्चिमेला हे तंत्र तेव्हा कळलं. आमच्या हातात यायला त्यानंतरही काही वर्षं गेली.

आता तुमच्या नायकाला ताणू या. आधी हाडाचं बाहेरचं टणक कवच छिन्नीने कापायचं. आतली मज्जा आणि वरचं पातळ आवरण शक्य तितकं जपायचं, कारण नवं हाड तिथूनच येतं. मग पाच ते सात दिवस काहीही करायचं नाही. त्यानंतर रोज एक मिलिमीटर. तोही एकदम नाही. रॉडच्या आट्यांचं पिच, म्हणजे नट एका पूर्ण फेऱ्यात जेवढा सरकतो ते अंतर, एक मिलिमीटर असतं, नटाला १० नंबरचा पाना लागतो. दर सहा तासांनी नट पाव फेरा फिरवायचा. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. यापेक्षा घाई केली तर फटीत हाडाऐवजी दोरखंडासारखं नुसतं तंतुमय मांस भरतं. आळस केला तर हाड वेळेआधी जुळून बसतं आणि नट फिरवायचा म्हटला तरी फिरत नाही. पाच सेंटिमीटर हवे असतील तर पन्नास दिवस नट फिरवण्यात जातात, आणि ते नवं कोवळं हाड घट्ट व्हायला त्याच्या दुप्पट-तिप्पट काळ. तोवर चौकट पायावरच. एका हाडाला पाच-सात सेंटिमीटरपलीकडे न्यायला शहाणा डॉक्टर धजत नाही. कारण हाड वाढतं हो, स्नायू कुरकुरतात.

म्हणून म्हणतो, तुमच्या तळघरात गुरूपेक्षा फिटर हवा. गिरणगावात त्याला तोटा नव्हता. साच्यावर आयुष्य काढलेला, आटे-पिच हाताला माहीत असलेला, बोलायला तुसडा. तारा ताणायचं काम त्याच्याकडे द्या. मोठ्या माणसाच्या पायात १.८ मिलिमीटरची तार घालतात आणि ती शंभर-सव्वाशे किलोच्या ताणावर बांधतात. ताण बरोबर बसला की नाही ते टिचकी मारल्यावर कळतं, तार सुरात वाजते. आमच्या मिरजेत हे वेगळं शिकवावं लागत नाही, सतारमेकर गल्लीतून रोज येणारा-जाणारा कुठलाही वॉर्डबॉय सांगेल.

फिटरखेरीज तुमच्या मंडळात एक नर्स हवी, एक फिजिओथेरपिस्ट हवा आणि एक्स-रे काढणारा हवा. दोन-दोन आठवड्यांनी फिल्म पाहिल्याशिवाय फटीत हाड येतंय की नाही ते देवालाही कळणार नाही. गुप्त संघटनेने तळघरात एक्स-रे मशीन चालवायचं म्हणजे विजेचा भार, शिशाचा पडदा, परवाना. दुसरं, तारा कातडीतून जिथे आत शिरतात तिथे पाणी येतं, लाली येते, पू होतो. जवळजवळ प्रत्येक रुग्णाला कधी ना कधी होतो. प्रतिजैविकं लागतात. एकाच केमिस्टकडून पन्नास जणांची आणलीत तर दुसऱ्या आठवड्यात तो विचारणार, 'साहेब, दवाखाना काढलाय का?' तुमच्या आराखड्यातला इन्स्पेक्टर कवटीवर कोरलेली सांकेतिक खूण शोधत फिरतो, त्यापेक्षा त्याला केमिस्टच्या बिलबुकाकडे पाठवा. आणि सभासद बिडी ओढत असतील तर कित्येकांची हाडं नीट जुळणार नाहीत. तंबाखूचा धूर नव्या हाडाचा वैरी आहे.

वेदनेबद्दल. तुम्ही सगळी वेदना दीक्षेच्या रात्रीत कोंबली आहे, किंकाळ्या, मशाली, रक्त. खरी वेदना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होते आणि ती रात्री येते. पोटरीचा स्नायू ताणाला कंटाळतो, टाच वर उचलली जाते, पाऊल खाली टेकत नाही, गुडघा पूर्ण सरळ होत नाही. कूस बदलता येत नाही, कारण चौकट चादरीत अडकते. माझ्या रुग्णांच्या आया पायजम्याची बाहेरची शिवण उसवून तिला नाड्या लावायच्या. एक बाई कालनिर्णयच्या मागच्या पानावर पाव-पाव फेऱ्यांच्या रेघा ओढायच्या. शेजारी दूध, गॅस, मुलीच्या क्लासची फी. मुलाच्या अपघातात हरवलेला चार सेंटिमीटर पाय त्या बाईंनी त्या पानावर परत मिळवला. त्यांच्यासमोर तुमचा मशालीवाला गुरू मला फिका वाटतो.

कथेला भय हवंच असेल तर बाराच्या फेऱ्यात आहे. सगळे झोपलेत आणि एक अधीर सभासद पाना घेऊन स्वतःच्या पायाला चोरून पाचवा फेरा देतो. दुसऱ्या रात्री सहावा. मग एका सकाळी त्याला अंगठा वर उचलता येत नाही. नस गेली. हे लिहा, मी वाचीन.

अशी मंडळं इतिहासात खरंच होती का, की हे सगळं लेखकांच्या डोक्यातलं?
— सेवानिवृत्त ग्रंथपाल, पुणे

होती. आणि एक तर माझ्या विषयाला इतकं लागून आहे की संपादकांनी शब्दमर्यादा दिली नसती तर अख्खा अंक खाल्ला असता.

रशियात अठराव्या शतकात स्कोप्त्सी नावाचा पंथ निघाला. १७७२ मध्ये ओर्योल प्रांतात त्यांची पहिली सरकारी चौकशी झाली. पुढारी होता कोंद्राती सेलिवानोव्ह हा शेतकरी. त्यांचं म्हणणं असं की, माणसाच्या सगळ्या पापाचं मूळ कामवासनेत आहे, तेव्हा ते मूळच शरीरातून काढावं. आधार म्हणून मत्तयच्या शुभवर्तमानातलं, स्वर्गाच्या राज्यासाठी नपुंसक झालेल्यांविषयीचं वचन ते दाखवत. पुरुषांच्या पहिल्या पायरीला 'लहान मोहर' म्हणत, त्यापुढच्या पूर्ण छेदाला 'मोठी मोहर'. सुरुवातीच्या काळात तापवलेल्या लोखंडाने, म्हणून 'अग्नीचा बाप्तिस्मा'. बायका स्तन कापून घेत. स्वतःला ते पांढरी कबुतरं म्हणवत आणि आपल्या प्रत्येक मंडळाला जहाज. सभासदांची संख्या १,४४,००० भरली की तारणहार येणार, अशी श्रद्धा होती. त्यामुळे दार बंद ठेवून भरती मात्र चालू ठेवावी लागे. गुप्त संस्थेची यापेक्षा मोठी अडचण मला ठाऊक नाही.

सेलिवानोव्हला फटके मारून सैबेरियात धाडलं. तिकडून तो परतला तो 'मीच मारला गेलेला झार तिसरा पीटर' असं सांगत. खऱ्या पीटरचा मुलगा, सम्राट पॉल, याने त्याला भेटायला बोलावलं आणि वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. पहिल्या अलेक्झांडरच्या काळात तो सुटला आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये श्रीमंत व्यापाऱ्यांच्या घरी देवासारखा राहिला! १८२० मध्ये सरकारला जाग आली. सुझ्दालच्या मठात त्याला कोंडलं आणि तिथेच १८३२ मध्ये तो वारला.

पंथ मात्र शंभर वर्षं पुढे टिकला. यांतले कितीतरी जण सराफ होते, पैशांच्या व्यवहारात चोख. काही रुमानियात पळाले आणि बुखारेस्टचे नावाजलेले घोडागाडीवाले झाले. मखमली डगले घातलेले, दाढी नसलेले ते उंच गाडीवान तिथल्या लोकांना ओळखीचे होते. पकडले गेले त्यांना याकुतियात हद्दपार केलं. बर्फाच्या त्या मुलखात ओल्योक्मिन्स्कजवळ त्यांनी शेती उभी केली आणि धान्य पिकवून विकलं. मुलंबाळं नाहीत, दारू नाही, मरेपर्यंत काम.

आता माझ्या खात्याचा भाग. ते गाडीवान उंच का होते? मुलग्याचं हाड लांब वाढतं ते टोकाजवळच्या कूर्चेच्या पट्टीमुळे. वयात आल्यावर ही पट्टी बुजते आणि वाढ थांबते. ती बुजवण्याचं काम पुरुषातही शेवटी इस्ट्रोजेन करतं, जे पुरुषी संप्रेरकापासून शरीरातच बनतं. वयात येण्याआधीच खच्ची केलेल्या मुलाची पट्टी बुजायचा हुकूमच येत नाही. हातपाय लांबत राहतात, धड त्या मानाने तोकडं. स्कोप्त्सींच्या अंगावर डॉक्टरांनी ही मापं घेतली. १८७२ मध्ये पेलिकान या रशियन वैद्यकीय अधिकाऱ्याने तर त्यांच्यावर चित्रांसह मोठा ग्रंथच छापला. इस्ट्रोजेनची बाजू नक्की कळायला १९९४ उजाडलं. तेव्हा अमेरिकेत २८ वर्षांच्या एका माणसाची नोंद झाली. त्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. उंची २०४ सेंटिमीटर, कूर्चेच्या पट्ट्या उघड्या, आणि तो अजून वाढतच होता.

म्हणजे वासना कापायला निघालेल्या लोकांनी नकळत हाडं लांबवली. म्हातारपणी तीच हाडं ठिसूळ होऊन पाठीला बाक यायचा. हा भाग कुठल्या प्रवचनात सांगितला जात नसणार.

चीनमध्ये मुलींचे पाय बांधायचे तेही याच प्रकारात मोडेल ना? मी शाळेत इतिहास शिकवते, मुली फार प्रश्न विचारतात.
— शिक्षिका, गडहिंग्लज

नाही मोडणार, बाई. तिथे गुप्त काही नव्हतं, आणि मुलीला विचारायचं तर कुणाच्या मनातही नव्हतं. चार-पाच-सहा वर्षांच्या मुलीची चार बोटं तळव्याखाली दुमडून, टाच पुढे ओढून, कापडी पट्टी रोज थोडी घट्ट करत जायची. आई बांधायची किंवा आजी. आदर्श लांबी तीन इंच. हाडाचा स्वभाव असा की ज्या दिशेने भार पडेल त्या दिशेने ते स्वतःला घडवतं. बर्लिनच्या युलियस वोल्फने १८९२ मध्ये हा नियम ग्रंथात मांडला, पण चिनी आज्यांना तो कित्येक शतकं आधी हाताने माहीत होता. दुर्दैवाने.

मुलींना सांगायचंच असेल तर प्रथा मोडली कशी ते सांगा. १८७४ मध्ये शियामेनमध्ये आणि १८९५ मध्ये शांघायमध्ये पाय न बांधणाऱ्यांच्या सभा निघाल्या. पुढे चिनी सुधारकांनीही काढल्या. नुसतं 'मी मुलीचे पाय बांधणार नाही' म्हणून भागत नव्हतं, कारण मग त्या मुलीशी लग्न कोण करणार? म्हणून अशा सभांमध्ये सभासद दुहेरी शपथ घ्यायचे: मुलीचे पाय बांधणार नाही, आणि बांधलेल्या पायांची सून आणणार नाही. जोडे कुणाशी जुळतील याची सोय सभेतच झाली. १९१२ मध्ये नव्या प्रजासत्ताकाने बंदी घातली तेव्हा निम्मं काम या शपथांनी केलेलं होतं. आपल्याकडे हुंड्याविरुद्ध शपथा घेतात त्यात हे दुसरं वाक्य मला क्वचित ऐकू येतं.

आपल्याकडच्या तृतीयपंथीयांमध्येही असं गुप्त मंडळ असतं म्हणतात. ते लोक मुलं पळवून हे करतात, खरं आहे का?
— एक वाचक, सोलापूर

प्रश्नाचा दुसरा भाग ज्याने तुम्हाला सांगितला, त्याला 'तू पाहिलंस का' असं विचारा.

पहिल्या भागाबद्दल. काही तृतीयपंथी 'निर्वाण' घेतात, म्हणजे पुरुषी अवयव कापून घेतात, सगळे घेत नाहीत. ते चोरून होत आलं यात गूढ काही नाही. दंडविधानात जबर दुखापतीच्या व्याख्येचं पहिलंच कलम पुरुषत्व नष्ट करण्याचं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात इंग्रजांनी या समाजासाठी वेगळा भागच लिहिला आणि नावं पोलिसांच्या नोंदवहीत घालायला लावली. डॉक्टर दारात उभं करेना. मग उरली दाई, सुरी आणि चाळीस दिवसांची एकांताची शुश्रूषा. रक्तस्रावाने आणि लघवी अडून किती गेले, त्याची नोंद कुठल्या इस्पितळात नाही, कारण ते इस्पितळात पोहोचलेच नाहीत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी म्हणून ओळख मान्य केली. त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठीही होत्या. २०१९ च्या कायद्यात शस्त्रक्रियेची आणि संप्रेरकांच्या उपचाराची सोय सरकारने करावी, असं लिहिलं. माझ्या कारकिर्दीत हे असतं तर आमच्या अपघात विभागात रात्री दोनला, 'पडलो' असं सांगत येणारी काही माणसं दिवसा, भूल घेऊन, नावानिशी आली असती.

सभासदांनी स्टॅम्पपेपरवर संमती दिली असेल तर मंडळावर गुन्हा कसा? शरीर ज्याचं त्याचं.
— कायद्याचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

तुम्ही मला विचारताय म्हणजे वर्गात बसत नाही. जुन्या दंडविधानाचं कलम ८७, आता न्याय संहितेचं २५: अठरा वर्षांवरच्या माणसाच्या संमतीने केलेली इजा माफ, पण मृत्यू किंवा जबर दुखापत करायचा हेतू नसावा आणि ती होण्याचा संभव माहीत नसावा. कुस्ती, तलवारबाजी यात बसते. हाड तोडणं बसत नाही, कारण हाड मोडणं ही व्याख्येनेच जबर दुखापत. मी आयुष्यभर लोकांची हाडं कापली आणि बाहेर राहिलो, ते पुढच्या कलमाच्या जोरावर. रुग्णाच्या भल्यासाठी, सद्भावनेने.

इंग्लंडमधली दोन प्रकरणं सांगतो. वोल्व्हरहॅम्प्टनच्या एका टॅटूवाल्याने गिऱ्हाइकांच्या लेखी संमतीने जीभ चिरली, कान काढला. अपील न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं, संमती हा बचाव नाही, आणि पुढच्या वर्षी तो तुरुंगात गेला. दुसरं प्रकरण तुमच्या अस्थिमंडळाचं सख्खं भावंड. लंडनमध्ये काही पुरुष खोल्यांमध्ये जमून एकमेकांचे अवयव कापत, म्होरक्याने स्वतःचेही कापून घेतले होते. मे २०२४ मध्ये ओल्ड बेली न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. पुढे आलं ते असं की, त्या कापाकापीची चित्रफीत काढून तो पैसे घेऊन लोकांना दाखवत होता. गुप्त मंडळ, पण तिकीट लावून.

माझं वय २२, उंची पाच फूट चार इंच. पाय लांबवण्याची शस्त्रक्रिया करायची ठरवलं आहे. दोन वर्षं पैसे साठवतोय. घरी सांगणार नाही, सहा महिने कंपनीच्या ट्रेनिंगला परराज्यात जातोय असं सांगीन. मागच्या अंकातली कथा वाचून पहिल्यांदा भीती वाटली. तुमचं मत?
— एक तरुण, नागपूर

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तुला तू म्हणतो, राग मानू नकोस.

उंची कमी असल्याचं दुःख खोटं आहे असं मी म्हणणार नाही. लग्नाच्या जाहिरातीत काय छापतात ते मीही वाचतो. तुझ्या हाडांच्या पट्ट्या बुजल्या आहेत, त्यामुळे पावडरी, लोंबकळणं, बुटातली गादी यातलं शेवटचं तेवढं खरं. शस्त्रक्रियेने उंची वाढते, हेही खरं. हल्ली रिंगांऐवजी हाडाच्या पोकळीत चुंबकावर चालणारा खिळाही घालतात, जखमा कमी होतात. पण रोजचा मिलिमीटर तोच, पोटरीची ओढ तीच, आणि वजन कधी टाकायचं याचे नियम काही खिळ्यांत आणखी कडक. चीनने २००६ मध्ये नुसत्या दिसण्यासाठी पाय लांबवणं बंद केलं, ते उगाच नाही. अर्धवट जुळलेली हाडं, वाकडी पावलं घेऊन तरुण मुलं इस्पितळांत येऊ लागली होती.

मला खटकलं ते ट्रेनिंगचं वाक्य. तू एकट्याचंच गुप्त मंडळ काढलंयस. रात्री बाराचा फेरा कोण देणार? पहिले काही दिवस भांडं कोण देणार? ताप आला तर तो तारेचा की मलेरियाचा, हे परक्या गावात भाड्याच्या खोलीत कोण ठरवणार? पोटरीत रक्ताची गुठळी झाली आणि ती फुप्फुसात गेली तर फोन कोणाच्या हातात असेल? अपघाताने पाय आखूड झालेली माझी माणसं या सगळ्यातून तरली ती घरात माणूस होतं म्हणून. ज्यांची गाडी अडली त्यांच्यात एकट्याने राहणारे जास्त होते.

तेव्हा आधी घरी सांग. मग ज्या डॉक्टरकडे जाणार आहेस त्याला विचार की, ज्यांची टाच वर राहिली, ज्यांना परत शस्त्रक्रिया लागली, असे तुमचे रुग्ण मला भेटवाल का? नुसते आधीचे-नंतरचे फोटो दाखवले तर चहा पी आणि बाहेर पड. शस्त्रक्रियेला वर्ष-दोन वर्षं झालेल्या माणसाला जिना उतरताना बघ, चढताना नको. पायऱ्या उतरताना घोटा किती वाकतो ते दिसतं. चांगला डॉक्टर तुला स्वतःहून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवेल. त्याला तुला वेडा ठरवायचं नसतं. पाच-चारचं दुःख पाच-साडेसहाला संपणार आहे की तिथेही तुझ्याबरोबर येणार आहे, एवढंच पाहायचं असतं. काही जणांना आपल्या शरीराचा एखादा भाग सतत खुपत राहतो, तो बदलला की दुसरा खुपतो. अशांची हाडं कापू नयेत, हे आता सगळे मानतात.

निर्णय तुझाच. पण तो घेण्याआधी मिरजेला येणार असशील तर ये, मी संध्याकाळी पाचनंतर घरी असतो, पत्ता संपादकांकडे आहे. येताना दोन्ही पायांचा कमरेपासून घोट्यापर्यंतचा एक्स-रे आण, उभ्याने काढलेला. झोपवून काढलेला उपयोगाचा नाही. आणि घरातलं कुणीतरी बरोबर आण.